पहिला नवा जीव जोडीदार कुठून आणतो?

उंबरठा

माझी भाची नववीत आहे. उत्क्रांतीचा धडा वाचता वाचता तिने पुस्तक मिटलं आणि विचारलं, "मावशी, समजा एखाद्या प्राण्याच्या पोटी नव्या प्रजातीचं पहिलं पिल्लू जन्मलं. त्याच्यासारखं जगात दुसरं कोणीच नाही. मग त्याला जोडीदार कुठून मिळणार? आणि जोडीदारच नाही तर ती प्रजाती पुढे जाणार कशी?"

मी "नैसर्गिक निवडीने होतं ते" असं काहीतरी मोघम बोलले. तिचं समाधान झालं नाही, माझंही झालं नाही. प्रश्न मनात घर करून बसला. मी जीवशास्त्र शिकलेली नाही, हिशेबाचं काम करते. पण गेले काही महिने रोज रात्री थोडं थोडं वाचते आहे. हाती लागलं ते इथे मांडते. चुकलं असेल तिथे जाणकारांनी हक्काने कान धरा.

मला सापडलेलं उत्तर असं: तसं पहिलं पिल्लू कधी जन्मतच नाही. प्रत्येक पिल्लू आपल्या आईबापांच्याच प्रजातीचं असतं. तरीही काही हजार पिढ्यांनंतर मागे वळून पाहिलं तर प्रजाती बदललेली दिसते.

हे पचनी पडायला मला भाषेचा दाखला उपयोगी पडला. महाराष्ट्री प्राकृतातून मराठी घडली. पण स्वतः प्राकृत बोलणारी आणि जिचं मूल मात्र मराठी बोलायला लागलं अशी एकही आई होऊन गेली नाही. प्रत्येक आईला आपल्या मुलाचं बोलणं कळत होतं, प्रत्येक नातवाला आजीचं. तरी आज सातशे वर्षांपूर्वीची मराठी वाचायला घेतली की जागोजागी अडतं, आणि त्याहून मागची प्राकृत तर मुद्दाम शिकावी लागते. मधे कुठेही बोट ठेवून "इथून मराठी" म्हणता येत नाही. सरकला तो सगळा बोलणारा समाज. प्रजातीही अशीच सरकते, सगळी मिळून.

मग ती सरकते कशाच्या बळावर? गॅलापागोस बेटांमध्ये डॅफ्ने मेजर नावाचं एक इवलंसं खडकाळ बेट आहे. पीटर आणि रोझमेरी ग्रँट या दांपत्याने १९७३ पासून तिथल्या फिंच पक्ष्यांचा पिच्छा पुरवला. पक्षी पकडायचा, चोच मोजायची, पायात खुणेची कडी घालायची, सोडून द्यायचा. असं करत बेटावरचा जवळजवळ प्रत्येक पक्षी त्यांच्या वहीत आला. १९७७ साली पावसाने पाठ फिरवली. बारीक मऊ बिया काही महिन्यांत संपल्या आणि उरली ती सराट्याची फळं. हो, पायात रुततो त्या सराट्याचीच ही जवळची बहीण. ते काटेरी कवच फोडायला जाड चोच लागते. तिथल्या मध्यम चोचीच्या भू-फिंचांपैकी शंभरातले सुमारे पंच्याऐंशी त्या दुष्काळात गेले. वाचलेल्यांची चोच सरासरी अर्ध्या मिलिमीटरने जाड होती, आणि त्यांची पिल्लंही जाड चोच घेऊनच आली.

एक गोष्ट कळायला मला हे तीनदा वाचावं लागलं. दुष्काळ पडला म्हणून एकाही पक्ष्याची चोच वाढली नव्हती. जाड चोचवाले आधीपासून होते. सुकाळात त्यांच्या चोचीचं कोणाला अप्रूप नव्हतं. पुढे १९८३ मध्ये धो धो पाऊस झाला, बारीक बियांचं रान माजलं, आणि मग लहान चोचवाल्यांची सरशी झाली. सगळ्यांच्या चोची एका मापाच्या बारीक असत्या तर १९७७ मध्येच ते बेट या पक्ष्याविना ओस पडलं असतं. जनुकीय विविधता म्हणतात ती हीच, असं मला वाटतं: आज जिचा उपयोग दिसत नाही अशी शिल्लक.

आता एकाच्या दोन प्रजाती कशा होतात? त्याला मधे भिंत लागते. समुद्र, डोंगर, काहीही. पनामाची चिंचोळी भूमी समुद्रातून वर आली आणि सुमारे ३० लाख वर्षांपूर्वी दोन महासागर एकमेकांपासून तुटले. नांगी आपटून 'टक्' असा आवाज काढणाऱ्या कोळंब्यांचे समूह दोन्ही बाजूंना अडकले. आज त्या दिसायला जुळ्या बहिणींसारख्या आहेत, पण दोन किनाऱ्यांवरचे नर-मादी एका टाकीत सोडले तर बहुतेक वेळा एकमेकांच्या अंगावर धावून जातात.

माझी समज इथवर आहे. पुढचं तुम्ही सांगा.

---

कोरा_कागद

धागा आवडला. भाषेचा दाखला तर फारच. एक शंका आहे, कदाचित बाळबोध असेल.

निवड ही चाळणी झाली. चाळणीने पीठ चाळलं तर कोंडा वेगळा होतो, नवीन पीठ तयार होत नाही. मग दुष्काळामागून दुष्काळ येत गेले तर शिल्लक संपायला हवी. ती भरते कशी?

---

सूक्ष्मदर्शी

@कोरा_कागद, शंका बाळबोध अजिबात नाही, या विषयाची नाडी तीच आहे.

शिल्लक दोन वाटांनी भरते. पहिली, नक्कल करताना होणाऱ्या चुका. माणसाच्या जनुकसंचात सुमारे ३०० कोटी अक्षरं आहेत. प्रत्येक मूल जन्मताना आईकडे किंवा वडिलांकडे नव्हते असे साधारण ६० ते ७० नवे बदल घेऊन येतं. यालाच उत्परिवर्तन म्हणतात. बहुतेकांनी काहीच बिघडत नाही किंवा घडत नाही; काही घातक निघतात; फार थोडे पुढेमागे कामी येतात.

दुसरी वाट म्हणजे पिसणी. आपल्या २३ गुणसूत्र-जोड्यांपैकी प्रत्येकीतलं कुठलं एक मुलाला द्यायचं याचेच सुमारे ८४ लाख प्रकार होतात, आणि जोडीतली गुणसूत्रं आपसांत तुकडे बदलतात ते धरलं तर मोजदादच सुटते. (आकड्यावरून काहींना चौऱ्याऐंशी लक्ष योनी आठवतील. तो निव्वळ योगायोग आहे, त्यातून कृपया काही काढू नका.)

आता 'गरज पडली म्हणून बदल झाला' या समजुतीबद्दल. हे मी स्वतःच्या हाताने केलेलं आहे म्हणून जरा सविस्तर लिहितो. १९४३ मध्ये लुरिया आणि डेलब्रुक यांनी दाखवून दिलं होतं की जिवाणूंमधली प्रतिकारशक्ती विषाणूशी गाठ पडण्याच्या आधीच उपजलेली असते. पण त्यांची सिद्धता गणिताची होती. १९५२ मध्ये एस्थर आणि जोशुआ लेडरबर्ग यांनी तेच डोळ्यांना दिसेल असं केलं, आणि त्यासाठी वापरलं काय, तर मखमल.

एम.एस्सी.ला असताना आम्हाला हा प्रयोग होता. काचेच्या बशीत जिवाणूंची दाट वाढ, दुधावर साय धरावी तशी. बशीच्या आकाराच्या लाकडी ठोकळ्यावर निर्जंतुक मखमल ताणून बसवलेली. बशी उपडी करून मखमलीवर अलगद टेकवायची. मखमलीचा एकेक केस म्हणजे एकेक सुई. जिवाणू जिथे होते तिथेच, त्याच नकाशाने तिच्यावर उतरतात. मग तीच मखमल स्ट्रेप्टोमायसिन हे जिवाणू मारणारं औषध घातलेल्या तीन नव्या बश्यांवर एकामागून एक टेकवायची. प्रत्येक बशीच्या कडेला बाणाची खूण, दिशा चुकू नये म्हणून.

दुसऱ्या दिवशी उबवणीच्या कपाटातून बश्या काढल्या. औषधाच्या बश्या जवळजवळ स्वच्छ होत्या. एकीवर चार ठिपके. दुसरीवर चार. तिसरीवर तीन. तिन्ही एकमेकींवर ठेवून, बाणाला बाण जुळवून उजेडासमोर धरल्या आणि ठिपक्यावर ठिपका येऊन बसला. औषधामुळे बदल घडला असता तर प्रत्येक बशीत ठिपके वेगळ्या जागी उगवले असते. मग औषधाचा थेंबही न लागलेल्या मूळ बशीवर त्याच जागची साय सुईच्या टोकाने उचलली आणि तपासली, तर औषधाला दाद न देणारे जिवाणू तिथे दाटीने निघाले. ते औषध येण्याच्या आधीपासून तिथे बसलेले होते.

मी त्या बश्या कितीतरी वेळ हातात धरून उभा होतो. उंबरठा यांनी 'शिल्लक' म्हटलं आहे ना, ती मी ठिपक्यांच्या रूपात पाहिली आहे.

---

गणिती

वरच्यात एक भर. डार्विनला ही शिल्लक टिकते कशी तेच कोडं सुटत नव्हतं. १८५९ मध्ये ग्रंथ आला, आणि १८६७ मध्ये फ्लीमिंग जेंकिन या अभियंत्याने अडचणीत टाकणारा आक्षेप घेतला. त्या काळी समज असा की आईबापांचे गुण रंगांसारखे एकमेकांत मिसळतात. तसं असेल तर एखादा नवा गुण दर पिढीला निम्मा निम्मा पातळ होत दहा पिढ्यांत हजारांश उरेल. निवडीला पकडायला काही राहणारच नाही. आक्षेप बिनतोड होता.

उत्तर मात्र १८६६ मध्येच छापून झालं होतं, मेंडेलच्या वाटाण्यांच्या निबंधात. गुण मिसळत नाहीत, ते दाण्यासारखे अखंड राहतात. एखाद्या पिढीत दबले तरी पुढच्या पिढीत जसेच्या तसे बाहेर येतात. हे दोन विचार एकमेकांना भेटायला विसावं शतक उजाडावं लागलं. विज्ञानाच्या इतिहासातली ही चुकामूक मला फार लागते.

दुसरं, शिल्लक नुसत्या निवडीने घटते असं नाही. समूह लहान असला तर ती निव्वळ योगायोगानेही गळते. वीण करणारे जीव १० च असतील तर दर पिढीला सुमारे ५ टक्के विविधता जाते, दहा पिढ्यांत ४० टक्के. हजार असतील तर दर पिढीची गळती ०.०५ टक्के.

---

रानवाट

गणिती यांचा हिशेब प्रत्यक्षात कसा दिसतो ते सांगते. फ्लोरिडातला पँथर, म्हणजे तिथला प्यूमा. १९९० च्या सुमारास जेमतेम वीस-तीस उरले होते. सगळे एकमेकांचे नातेवाईक. शेपटीचं टोक मोडल्यासारखं वाकडं, हृदयाच्या पडद्याला भोक, नरांचं वृषण खाली न उतरलेलं. १९९५ मध्ये टेक्सासमधून आठ माद्या आणून सोडल्या. त्यांतल्या पाचजणींना पिल्लं झाली. पुढच्या बारा-एक वर्षांत संख्या तिपटीवर गेली आणि वाकड्या शेपट्यांचं प्रमाण झपाट्याने खाली आलं. अन्न तेच, जंगल तेच. बाहेरून आली ती फक्त जनुकं.

आणि एक गोष्ट जी वाचल्यापासून मी विसरलेले नाही. १९७० च्या दशकात आशियात भातावर ग्रासी स्टंट नावाचा विषाणू आला. फिलिपीन्समधल्या आंतरराष्ट्रीय भात संशोधन संस्थेने सहा हजारांहून जास्त नमुने तपासले. त्याला पुरून उरणारा एकच निघाला, भारतातून गोळा केलेला एक रानटी भात. नाव ओरायझा निवारा. आपला संस्कृतातला 'नीवार' तो. कोणाच्या खिजगणतीत नसलेलं ते गवत त्या आधी नांगराखाली गेलं असतं तर?

---

ठाम_मत

सगळ्यांचं वाचलं. मी कुठल्याही हट्टाने लिहीत नाही, मला खरंच पटवून घ्यायचं आहे. चोच जाड झाली, पुन्हा बारीक झाली, पण फिंच फिंचच राहिला. जिवाणू जिवाणूच राहिला. पँथरही. हे सगळे प्रजातीच्या आतले बदल झाले. एकाच्या दोन होताना कोणी पाहिलं आहे का? तीस लाख वर्षांपूर्वीची कोळंबी सांगू नका, ते अनुमान आहे.

---

सूक्ष्मदर्शी

@ठाम_मत, रास्त प्रश्न. होताना पाहिलेलं सांगतो. अजून पुरतं झालेलं नाही, आणि म्हणूनच ते पाहण्यासारखं आहे.

उत्तर अमेरिकेत हॉथॉर्न नावाचं झुडूप आहे. लाल बोराएवढी फळं. त्यांत अंडी घालणारी एक माशी, ऱ्हॅगोलेटिस पोमोनेला. सफरचंद हे तिथलं झाड नव्हे, ते युरोपातून आलेल्या लोकांनी नेलं. एकोणिसाव्या शतकाच्या मध्यावर हडसन नदीच्या खोऱ्यात ही माशी सफरचंदात सापडू लागली, आणि बेंजामिन वॉल्श या कीटकशास्त्रज्ञाने १८६० च्या दशकातच म्हणून ठेवलं की ही माशी दुभंगायला निघाली आहे.

इथे डोंगर नाही, समुद्र नाही. दोन्ही झाडं शेजारी शेजारी उभी असतात. भिंत आहे ती वेळेची. सफरचंद हॉथॉर्नच्या तीन-चार आठवडे आधी पिकतं. माशीचं पंख फुटल्यानंतरचं आयुष्य महिनाभराचं. आणि नर-मादी भेटतात कुठे, तर ज्या फळावर अंडी घालायची त्या फळावरच. म्हणजे फळ निवडलं की जोडीदारही निवडून झाला. सफरचंदावरची माशी जमिनीतून लवकर बाहेर येते, तिला सफरचंदाचा वास ओढतो, हॉथॉर्नचा नकोसा वाटतो. दुसरीचं नेमकं उलट. आज या दोन गटांत दर पिढीला जेमतेम ४ ते ६ टक्के देवाणघेवाण उरली आहे.

उंबरठा यांच्या मुद्द्याशी याचा सांधा असा. लवकर किंवा उशिरा जागं होण्याचं घड्याळ गुणसूत्रांच्या काही उलट्या बसलेल्या तुकड्यांशी जोडलेलं आहे, आणि ते तुकडे सफरचंदामुळे तयार झालेले नाहीत. मेक्सिकोच्या उंच प्रदेशातल्या माश्यांशी त्यांचं नातं लागतं आणि त्यांचं वय दहा लाख वर्षांच्या पलीकडे जातं. सफरचंद येण्याआधी कितीतरी लाख वर्षं ते पेटीत पडून होते.

आणखी एक. या माशीच्या अळीत अंडी घालणारी एक परजीवी गांधीलमाशी आहे. माशी दुभंगू लागली तशी तीही दुभंगते आहे.

---

उंबरठा

@सूक्ष्मदर्शी, मी भिंत म्हणजे जागेची भिंत एवढंच धरून चालले होते. वेळेची भिंत हे मला सुचलंच नसतं.

@ठाम_मत, फिंचबद्दल थोडं राहिलं होतं. १९८१ मध्ये डॅफ्नेवर शंभरेक किलोमीटर दूरच्या एस्पॅन्योला बेटावरून एक थोराड नर येऊन पडला. वेगळ्या प्रजातीचा. तो परत जाऊ शकला नाही. त्याने इथल्याच एका मादीशी जोडी जमवली. मुलांनी बापाचं गाणं उचललं. ते गाणं बेटावर दुसऱ्या कोणाचं नव्हतं, त्यामुळे स्थानिक पक्ष्यांनी त्यांना आपलं मानलं नाही. दुसऱ्या-तिसऱ्या पिढीपासून हे कुटुंब आपसातच जोड्या करू लागलं. पुढे तीसएक पक्ष्यांचा तो वेगळा गोतावळा झाला. हे २०१७ मध्ये जनुकं तपासून प्रसिद्ध झालं. त्याला प्रजाती म्हणायचं की नाही यावर दुमत आहे, पण पहिल्या पक्ष्याच्या चोचीच्या मापापासून सगळी नोंद त्या दांपत्याकडे आहे.

---

पानगळ

मी मराठी शाळेत विज्ञान शिकवते, म्हणून शब्दाबद्दल एक सूचना. पाठ्यपुस्तकात आपण जिला इथे प्रजाती म्हणतो आहोत तिला 'जाती' म्हणतात आणि तिच्या वरच्या पायरीला 'प्रजाती'. नव्या जातीच्या जन्माला 'जातिउद्भव'. वर्तमानपत्रांनी मात्र प्रजाती हाच शब्द रुळवला आहे. उंबरठा, भाचीला परीक्षेपुरतं हे सांगून ठेवा, नाहीतर बिचारीचे गुण जातील.

आता मुद्द्याचं. "तसं पहिलं पिल्लू कधी जन्मतच नाही" हे तुमचं वाक्य प्राण्यांना बहुतांशी लागू आहे. वनस्पतींना नाही. तिथे नवी प्रजाती एका झटक्यात येऊ शकते.

ट्रॅगोपोगॉन नावाची डेझीच्या कुळातली फुलझाडं. तीन प्रजाती युरोपातून अमेरिकेच्या वॉशिंग्टन आणि आयडाहो भागात विसाव्या शतकाच्या सुरुवातीला गेल्या. प्रत्येकीत १२ गुणसूत्रं. दोघींचा संकर झाला की रोपटं वाढतं पण बी भरत नाही, कारण एकीची सहा गुणसूत्रं दुसरीच्या सहांशी जोडीच लावत नाहीत. खेचराचं जे होतं तेच. घोड्याची ६४, गाढवाची ६२, खेचराची ६३, आणि जोड्या लागत नाहीत म्हणून खेचर वांझ.

पण झाडांमध्ये कधी कधी पेशी विभागताना चूक होते आणि सगळा संच दुप्पट होतो. १२ ची २४. आता प्रत्येक गुणसूत्राला स्वतःचीच हुबेहूब जोडी मिळते. बी भरतं. मात्र हे रोप कुठल्याही पालकाशी धड संकर करू शकत नाही. म्हणजे व्याख्येप्रमाणे नवी प्रजाती झाली. मॅरियन ओनबी यांनी १९५० मध्ये अशा दोन प्रजातींचं वर्णन केलं. त्यांचे पालक तिथे येऊन पन्नास वर्षंही झाली नव्हती. पुढच्या अभ्यासात दिसलं की त्या एकदाच नव्हे, वेगवेगळ्या ठिकाणी पुन्हा पुन्हा जन्मल्या आहेत.

आणि भाचीचा प्रश्न: जोडीदार कुठून? तर एकाच फुलात परागही असतात आणि बीजांडही. त्या पहिल्या झाडाला जोडीदाराची गरजच नव्हती. गव्हाची ४२ गुणसूत्रंही अशीच साठलेली आहेत. सात-सातचे सहा संच, तीन वेगवेगळ्या गवतांकडून आलेले.

---

उंबरठा

पानगळ, मनापासून आभार. दुरुस्ती पूर्ण मान्य. वरचं वाक्य तसंच ठेवते म्हणजे नंतर वाचणाऱ्याला चर्चा कशी पुढे गेली ते कळेल. भाचीला आज रात्रीच सांगते.

---

काजवा

पानगळ म्हणतात "प्राण्यांना बहुतांशी". या 'बहुतांशी'च्या बाहेरचा एक प्राणी मला माहीत आहे: गोगलगाय. आणि तिची गोष्ट या धाग्याच्या शीर्षकाला इतकी चपखल बसते की लिहिल्यावाचून राहवत नाही.

बहुतेक गोगलगायींच्या शंखाचा पीळ उजवा असतो. क्वचित एखादी डावखुरी, आरशातल्यासारखी. नुसता शंख नाही, सगळं शरीरच उलटं, जननछिद्रसुद्धा दुसऱ्या बाजूला. बसक्या शंखाच्या गोगलगायी समोरासमोर येऊन जुळतात, त्यामुळे उजव्या-डाव्याची जोडी जमतच नाही. पीळ ठरतो तो बहुधा एकाच जनुकावरून. म्हणजे एक जनुक बदललं की भिंत उभी. पण मग त्या पहिल्या एकट्या डावखुरीला जोडीदार कोण? हुबेहूब भाचीचा प्रश्न!

निसर्गाचं उत्तर असं आहे की पिलाचा पीळ त्याच्या स्वतःच्या जनुकांवरून ठरत नाही, तो आईच्या जनुकांवरून ठरतो. डावखुरेपणाच्या दोन्ही प्रती जिच्यात आल्या ती गोगलगाय स्वतः उजवीच असू शकते, कारण तिच्या आईच्या जनुकांत उजवेपणाची प्रत होती. तिला उजवा जोडीदार सहज मिळतो. आणि तिने अंडी घातली की सगळीच्या सगळी पिल्लं डावी! पहिली डावखुरी गोगलगाय एकटी जन्मत नाही, भावंडांची आख्खी फळी घेऊन येते.

पण एवढ्याने भागत नाही. चार डावे आणि भोवती हजारो उजवे असतील तर डाव्यांना बाहेर कोणी मिळणार नाही आणि ते संपतील. इथे निवड लागते. जपानच्या दक्षिणेकडच्या इशिगाकी आणि इरिओमोते बेटांवर गोगलगायी खाणारा एक साप आहे, पॅरियस इवासाकी. समोर नेहमी उजवा पीळच येत असल्याने त्याच्या जबड्यात उजवीकडे दात जास्त आणि डावीकडे कमी. डावा पीळ समोर आला की त्याची पकड सुटते, आणि गोगलगाय वाचते. मासाकी होसो यांनी २००७ ते २०१० च्या दरम्यान हे दाखवलं: जिथे असे साप आहेत तिथे डावखुऱ्या गोगलगायींच्या प्रजाती जास्त. उजव्यांना सापाने टिपलं आणि डाव्यांना एकमेकांना भेटण्याइतकं जगू दिलं.

---

कोरा_कागद

काजवा, हे वाचून अंगावर काटा आला. माझ्या चाळणीच्या शंकेचं उत्तरही यातच आहे. चाळणीला दात असू शकतात हे माझ्या ध्यानात नव्हतं.

---

ठाम_मत

माशी आणि गोगलगाय, दोन्ही पटलं. शांतपणे उत्तरं दिल्याबद्दल सगळ्यांचे आभार. एकच विचारतो: उभी राहिलेली भिंत परत पडू शकते का?

---

उंबरठा

काल भाचीला गोगलगायीची गोष्ट सांगितली. तिने वहीत डावा आणि उजवा शंख काढून बघितला, आणि थोड्या वेळाने तिनेही जवळपास हेच विचारलं: "दोन झालेल्या परत एक होतात का?" मला माहीत नव्हतं. इथे कोणी सांगेल का?

---

रानवाट

होतात. मला हे लिहिताना वाईट वाटतं, पण विचारलंत म्हणून सांगते.

आफ्रिकेतलं व्हिक्टोरिया सरोवर सुमारे पंधरा हजार वर्षांपूर्वी पार कोरडं पडलं होतं. पुन्हा भरल्यावर त्यात सिक्लिड माशांच्या जवळपास ५०० प्रजाती झाल्या. इतक्या थोड्या काळात एवढ्या कशा, तर त्यांचे पूर्वज दोन वेगळ्या नद्यांच्या खोऱ्यांतले होते आणि त्यांचा संकर झालेला होता. शिल्लक दुप्पट घेऊनच ते आले.

त्यांतल्या दोन प्रजाती पुंडामिलिया वंशाच्या. एकीचा नर निळा, वरच्या पाण्यात राहणारा. दुसरीचा लाल, जरा खोल. खाली जाता जाता निळा उजेड गाळाने अडतो आणि लालसर तेवढा पोहोचतो. दोघींच्या डोळ्यांतलं रंग टिपणारं प्रथिन आपापल्या खोलीच्या उजेडाला जुळलेलं आहे. निळीला निळा नर ठळक दिसतो, लालीला लाल. बस, एवढीच भिंत. मधे ना खडक ना जाळी. उजेड. प्रयोगशाळेत पांढऱ्या दिव्याखाली माद्या आपापला नर बिनचूक निवडतात. एकाच नारिंगी रंगाच्या दिव्याखाली दोन्ही नर सारखेच दिसतात, आणि त्या कोणाशीही जुळतात. पिल्लं धडधाकट होतात, त्यांनाही पिल्लं होतात.

आता सरोवराभोवतीची जंगलं तोडली गेली, शेतांतली माती आणि सांडपाणी आत येऊ लागलं, शेवाळ माजलं. पाणी गढूळ झालं तसा उजेडाचा तो उतार गेला. ओले सीहॉउझन आणि सहकाऱ्यांनी सरोवरातली वेगवेगळी बेटं तपासली. माकोबे बेटाजवळ पाणी नितळ आहे, तिथे निळे निळेच आणि लाल लालच. लुआन्सोजवळ पाणी गढूळ, आणि तिथे दोन प्रजाती वेगळ्या काढताच येत नाहीत. मधल्या रंगांचे मासे, जनुकांतही फरक उरलेला नाही. कोणी कोणाला खाल्लं नाही, कोणी मेलं नाही. नुसतं दिसेनासं झालं.

भाचीला सांगा, माकोबेजवळचे मासे अजून वेगळे आहेत.

---

उंबरठा

सांगितलं. तिने विचारलं आहे, माकोबेजवळचं पाणी किती खोलवर नितळ आहे. कोणाला नेमकं ठाऊक असेल तर इथेच लिहा, मी रोज येऊन बघते आहे.